रंधा कुठे थांबवायचा

फणसाचं लाकूड कापलं की आत हळदीसारखा पिवळा रंग निघतो. तो मोरिन नावाच्या द्रव्याचा. आग्नेय आशियात बौद्ध भिक्खूंची वस्त्रं याच लाकडाच्या काढ्यात रंगवत. उजेड-वारा लागला की ही पिवळाई सरते आणि लाकूड तपकिरी होत जातं. कुडाळजवळ मेस्त्रींच्या पडवीत येऊन पडलेली फळी तर पार काळवंडली होती. साडेचार फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, दोन इंच जाड, एकसंध. झोपाळ्याची फळी. तिच्यावर बसून माईंनी वाडीतल्या दोन पिढ्यांच्या मुलींना लिहायला शिकवलं. माई गेल्या, घराची वाटणी झाली, आणि झोपाळा कुणा एकाच्या वाट्याला जाऊ नये असं चौघा भावंडांनी ठरवलं. त्याचं बाक करून गावच्या वाचनालयाला द्यायचं.

फळीच्या उजव्या अंगाला एक उथळ खळगा होता. डोळ्यांना दिसत नव्हता, तळहात फिरवल्यावर कळायचा. धाकटी लेक तिथे हात ठेवून म्हणाली, “मेस्त्रीनू, हयसर रंधो मारू नकात.”

“मी कित्याक मारतलंय, बाये! ह्यांच तर काम आसा.”

एरवी जुनी फळी आली की सुतार आधी ती सपाट करतो. इथे काय काढायचं नाही हे आधी ठरवावं लागलं. सुपारीच्या अडकित्त्याचे वार राहिले, शाईचा डाग राहिला. चार कोपऱ्यांतल्या भोकांभोवती लाकूड निळसर काळं झालं होतं. लोखंडी कड्या आणि ओल यांनी वर्षानुवर्षं केलेला तो डाग, तोही राहिला. मेणाचे आणि धुराचे थर मात्र काढायचे होते. फणसाचा रेषा उलटसुलट वळलेला असतो, रंधा कुठूनही धरला तरी कुठेतरी कपचा उडतोच. म्हणून मेस्त्रींनी जुनी युक्ती केली. फुटक्या काचेच्या कडेने खरवडायला बसले. कागदापेक्षा पातळ साल निघत होती आणि खळग्यापाशी आले की हात आपोआप हलका होत होता.

पायांसाठी त्याच घराचे वासे आणले होते. खिळे राहिलेत का ते चुंबक फिरवून पाहिलं. कड्यांची भोकं थोडी मोठी करून त्यांतच पायांची कुसवं वरपर्यंत आणली आणि माथ्यावर पाचर ठोकली. ही पाचर फळीच्या रेषांना आडवी बसली पाहिजे. रेषांच्या दिशेने बसवली तर फळी तिथेच उलणार. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, चैत्रात आकसतं, तेही फक्त रुंदीत. लांबीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. त्यामुळे पायांना जोडणारी पट्टी त्यांनी लांबीतच घातली. रुंदीत काहीही आवळलं नाही.

बाकावर कोरायच्या मजकुरावरून मात्र घरात तीन दिवस वाद चालला. थोरल्याला संपूर्ण नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, चौघांची नावं आणि एक श्लोक हवा होता. मेस्त्रींनी पुढची कड दाखवली. दोन इंच जाडीत अक्षर जेमतेम सव्वा इंचाचं बसतं. शेवटी तीनच शब्द उरले: इथे माई बसायच्या.

देवनागरी अक्षर लाकडात कोरणं हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. शिरोरेघ रेषांच्या बरोबरीने धावते, त्यामुळे पटाशी मोकाट सुटायची भीती असते. काना रेषांना आडवा येतो, तिथे एकेक धागा तोडावा लागतो. मेस्त्री आधी सगळे काने उभे कापून घेतात आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी ओढतात, म्हणजे चीर पसरायला निघाली तरी उभ्या कापापाशी अडते. सगळ्यांत नाजूक जागा ‘ब’च्या पोटात. तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे दोन चिमुकले तुकडे तेवढे उरतात, त्यांना धरून ठेवायला रेषा पुरेसा लांब नसतो. तिथे हातोडी बाजूला ठेवून ते नुसत्या मनगटाच्या दाबाने कोरत होते. लेसरने हेच काम काही मिनिटांत झालं असतं. पण पाचरीच्या आकाराच्या खोल चरीत उजेड एका बाजूने शिरतो आणि सावली दुसऱ्या बाजूला पडते, त्यामुळे रंग न भरताही अक्षर वाचता येतं. ते बघितल्यावर मला जळकं, सपाट अक्षर या फळीवर चाललं नसतं.

वाचनालयाकडून चकचकीत पॉलिशची मागणी आली. मेस्त्रींनी साफ नाही म्हटलं. लाखेच्या पॉलिशवर पाणी सांडलं की पांढरा डाग उठतो, आणि वाचनालयात पावसाळ्यात लोक ओल्या कपड्यांनीच बसणार. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. तेलाच्या चिंध्या मात्र लगेच एकेक पसरून वाळत घातल्या. त्या गोळा करून टाकल्या तर आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात.

थोरल्याचं मन अजून अडलं होतं. तेव्हा मेस्त्रींनी बाक उलटं केलं, फळीचा तळ दाखवला आणि पटाशी त्याच्याच हातात दिली. तारखा आणि चौघांची नावं त्याने स्वतः कोरली. श्लोक सोडून दिला. अक्षर वेडंवाकडं आलं, धाकटीच्या नावातली वेलांटी तर भलतीकडेच गेली. माईंनी हे पुसून परत काढायला लावलं असतं, असं ती म्हणाली. थोरल्याने काचेचा तुकडा मागितला, पण मेस्त्रींनी तो दिला नाही.