बंदूक आपली, जमीन आपली. प्रश्न मात्र पोलिसांचा

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूर हे जिल्ह्याचे ठिकाण राजधानी बनले. त्यानंतर शहराच्या भोवताली धानाच्या शेतांना कुंपणे पडली, शेतघरे उभी राहिली आणि काही फाटकांशी खांद्यावर बारा बोअरची बंदूक टाकलेला चौकीदार दिसू लागला. अशा फाटकाशी एखाद्या संध्याकाळी ठाण्याची गाडी थांबते. आरक्षक (पोलिस शिपायाला या भागात आरक्षक म्हणतात) खाली उतरून विचारतो, ‘बंदूक कोणाची? परवाना दाखवा.’ त्यावर मालकाचे ठरलेले उत्तर असे की, जमीन माझी, बंदूक माझी, आत येऊन विचारणारे तुम्ही कोण? हे उत्तर कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. मात्र आपण पुढे काय करू शकतो याविषयी त्या आरक्षकाची समजूतही पुष्कळदा तितकीच कच्ची असते.

शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याचे कलम १९ जेमतेम तीन पोटकलमांचे असले, तरी अशा प्रसंगाचा सारा क्रम त्यात बांधून दिलेला आहे. शस्त्र बाळगून असलेल्या कोणत्याही व्यक्तीकडे कोणताही पोलिस अधिकारी परवाना मागू शकतो. रस्ता, बाजार, शेत की अंगण, असा भेद हे कलम करीत नाही. सातबाऱ्यावर, किंवा छत्तीसगडात ज्याला खसरा आणि बी-वन म्हणतात त्या कागदावर, आपले नाव असणे हा जमिनीच्या मालकीचा पुरावा आहे. तो शस्त्राचा परवाना नव्हे. परवाना दाखविता आला, किंवा परवान्याविना शस्त्र बाळगण्याची कायद्याने मुभा आहे हे दाखविता आले, की या कलमाखालचे काम संपते. तो दाखविता आला नाही तर पोलिसाने नाव आणि पत्ता विचारावा आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र जप्त करावे. नाव सांगण्यास नकार दिला, खोटे नाव सांगितल्याचा संशय आला किंवा माणूस पळून जाईल असे वाटले, तरच या कलमाखाली वॉरंटाशिवाय अटक करता येते. अर्थात मुळात परवानाच नसेल तर गोष्ट वेगळी. तो दखलपात्र गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या बिगरपरवाना बंदुकीसाठीही दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. तरीही खटला भरण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते, हा कलम ३९ चा अडसर वकिलाखेरीज फारसा कोणाला आठवत नाही.

तेव्हा शहाणपण कशात आहे? प्रश्न विचारला जात असताना बंदूक हातात धरून वाद घालू नये. ती रिकामी करून बाजूला ठेवावी, मूळ परवाना दाखवावा, विचारणाऱ्याचे नाव व ठाणे विचारून घ्यावे आणि जप्ती झालीच तर बंदुकीचा क्रमांक व काडतुसांची संख्या नोंदलेली पावती मागावी. यात उर्मटपणा नाही. शस्त्र ठाण्यात गेल्यावर ते कोणत्या नोंदीने गेले यावरच पुढचे सारे प्रकरण अवलंबून असते. नागपूर, अमरावती किंवा गोंदियाहून बदलीने आलेल्या अधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे त्यावरच लिहिलेले असते. केवळ महाराष्ट्रापुरता असलेला परवाना रायपूरच्या बंगल्यात दाखविणे म्हणजे न दाखविल्यासारखेच आहे.

खरी अडचण चौकीदाराची आहे. बंदुकीचा परवाना मालकाच्या नावाचा, मालक शहरातील बंगल्यात आणि बंदूक रात्रभर फाटकावरच्या माणसाच्या हाती, ही व्यवस्था आपल्याकडे इतकी सर्रास चालते की तिच्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. कायदा मात्र परवान्याविना दुसऱ्याची बंदूक वाहण्याची मुभा फार थोड्या कारणांपुरती देतो: परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तीही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा स्वतः धारकाच्या वापरासाठी. परवान्यावर त्या चौकीदाराची नोंद नसेल तर पोलिसाच्या प्रश्नासमोर गुन्हेगार ठरतो तो महिन्याच्या पगारावर उभा असलेला माणूस. मालकावरही गुन्हा होऊ शकतो, पण हवालातीत आधी कोण जातो हे सांगण्यासाठी कायद्याचे ज्ञान लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात (तोही मध्य प्रदेशातलाच) शस्त्राचा ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असे स्पष्ट केले आणि शस्त्र हातात नसले तरी त्यावर नियंत्रण असेल तर तोही ताबाच, असे म्हटले. वडिलांच्या मृत्यूनंतर कपाटात तशीच राहिलेली बंदूक याच व्याख्येत बसते. ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे, हाच कलम २१ चा मार्ग.

हत्याराचा हक्क हा आपल्याकडे कधीच मूलभूत हक्क झाला नाही, आणि त्याची कथा मराठी वाचकाला जवळची आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा असे कलम होते. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णू कामत यांनी त्याच कलमाचा आधार घेऊन दुरुस्ती मांडली. रायपूर तेव्हा याच प्रांतात होते. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. ब्रिटिशांनी एका संपूर्ण समाजाला निःशस्त्र केले होते, तेव्हा ती मागणी समजण्यासारखी होती. परंतु स्वतंत्र देशात प्रत्येकाने बाजारात जाऊन हवे ते शस्त्र घ्यावे असे ठरले तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा मुद्दा होता. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य केला. तिथला घरमालक पोलिसाला जे उत्तर देऊ शकतो, ते इथला देऊ शकत नाही याचे मूळ त्या डिसेंबरातल्या निर्णयात आहे. आपल्याकडे जमिनीशी जोडलेला असा एकच ठळक अपवाद दिसतो तो कोडगूचा. कोडव समाजातील व्यक्तींना आणि तेथील जम्मा जमिनींच्या धारकांना परवान्यातून सूट आहे. केंद्राने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढविली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली.

संसदेत २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्याची दुरुस्ती आली तेव्हा चर्चेचा सूर वेगळाच होता. मूळ विधेयकात एका व्यक्तीस तीनऐवजी एकच बंदूक ठेवता येईल असे होते. वडिलोपार्जित शस्त्रे, परंपरा, शेतावरची वस्ती असे मुद्दे पुढे आले आणि सरकारने संख्या दोनवर आणली. लोकसभेने ९ डिसेंबरला आणि राज्यसभेने १० डिसेंबरला विधेयक मंजूर केले. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. वाडे आणि कोठ्या यांच्या बंदुकांची बाजू सभागृहात मांडली गेली. शेतकऱ्याच्या बंदुकीला मात्र तसा वाली मिळाला नाही.

वास्तविक १९५९ च्या कायद्याने तिचा विचार आधीच केला होता. कलम १३ मध्ये, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या बंदुकीचा परवाना नागरिकाने मागितला तर तो द्यावा, अशी तरतूद आहे. कोकणात आपण जिला ठासणीची बंदूक म्हणतो तीच ही. रानडुकरांनी शेत उकरू नये म्हणून सिंधुदुर्गातला शेतकरी ती परवान्यावर बाळगतो, निवडणूक आली की ठाण्यात जमा करतो आणि नंतर परत आणतो. (सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेणे योग्य नाही, प्रत्येक परवान्याचा छाननी समितीने वेगळा विचार करावा, हे मुंबई उच्च न्यायालयासमोरील २००९ च्या प्रकरणानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांत आले, ठाण्यांच्या सवयीत ते कितपत उतरले हा वेगळा विषय.) अभयारण्याजवळ शेती असेल तर वन्यजीव कायद्याचे कलम ३४ आड येते. दहा किलोमीटरच्या आत परवानाधारकाला नोंदणी करावी लागते आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव संरक्षकाच्या संमतीविना मिळत नाही. रायपूरच्या पूर्वेला बारनवापारा अभयारण्य आहे; त्याच्या कडेच्या गावांना हा नियम लागू होतो. रानडुकराला अर्थातच तो लागू नाही.

तीच ठासणीची बंदूक दक्षिणेला बस्तरात गेली की तिचे नाव ‘भरमार’ होते आणि नावाबरोबर तिचा अर्थही बदलतो. चकमकींनंतर निघालेल्या पोलिसांच्या पत्रकांत जप्त मालाच्या यादीत ‘एक भरमार बंदूक’ ही ओळ वर्षानुवर्षे येत राहिली. ती माओवाद्याची होती की शिकाऱ्याची, हे त्या ओळीवरून कळत नाही. परवाना मागणे, नाव विचारणे, जप्ती करणे आणि गरज पडली तर अटक हा कलम १९ चा क्रम तेथे पहिल्या पायरीवरच तुटला. २८ जून २०१२ च्या रात्री विजापूर जिल्ह्यातील सारकेगुडा येथे १७ जण मारले गेले. न्या. व्ही. के. अग्रवाल यांच्या एकसदस्यीय आयोगाने २०१९ साली दिलेल्या अहवालात, गावकऱ्यांनी गोळीबार केला नव्हता आणि मृत माओवादी असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. एडसमेटा येथे मे २०१३ मध्ये बीज पंडुम सणाच्या वेळी आठ गावकरी मरण पावले. त्याविषयी त्याच आयोगाने सुरक्षा दलांनी घाबरून गोळीबार केला असावा असे म्हटले. दोन्ही ठिकाणी माणसे आपल्याच गावाच्या हद्दीत होती.

त्याच काळात राज्याने स्वतः मात्र बंदुका वाटल्या. २००५ साली सुरू झालेल्या सलवा जुडूममधून विशेष पोलिस अधिकारी म्हणून आदिवासी तरुण घेतले गेले. २०११ च्या सुमारास त्यांची संख्या सुमारे साडेसहा हजार होती आणि मानधन महिना तीन हजार रुपये. ५ जुलै २०११ रोजी न्या. बी. सुदर्शन रेड्डी आणि न्या. सुरिंदरसिंग निज्जर यांनी ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली आणि दिलेली सर्व शस्त्रे परत घेण्याचा आदेश दिला. अपुऱ्या शिक्षणाच्या आणि अपुऱ्या प्रशिक्षणाच्या मुलांच्या हाती बंदूक देऊन त्यांना आघाडीवर उभे करणे म्हणजे त्यांच्या जिवाचे मोल कमी लेखणे, हा त्या निकालाचा गाभा होता. रायपूरच्या विधानसभेने त्याच वर्षी सहायक सशस्त्र पोलिस दलाचा कायदा केला आणि त्यातील अनेकांना त्या दलात सामावून घेण्यात आले. हा न्यायालयाचा अवमान आहे काय, हा प्रश्न चौदा वर्षे रेंगाळला. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा करणे हा विधिमंडळाचा अधिकार असल्याने तो अवमान होत नाही असे सांगून याचिका निकालात काढली.

शेतघराच्या फाटकाशी ‘तुम्ही कोण विचारणारे’ असे म्हणू शकणारा मालक आणि भरमार घेऊन जंगलातून परतणारा माणूस हे दोघेही एकाच कायद्याचे नागरिक आहेत. पहिल्याच्या बाबतीत तपास पुढे गेलाच, तर त्याच्या हाती आणखी संरक्षणे आहेत. घराची झडती जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होत असेल तर कलम २२ नुसार कारणे लेखी नोंदवावी लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केले आहे. साक्षीदार म्हणून बोलावायचे असेल तर स्त्रिया आणि साठ वर्षांवरील पुरुष यांना ठाण्यात न बोलावता राहत्या घरीच विचारपूस करावी लागते. पोलिसाने लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याचे बंधन नाही. आणि स्वतःलाच गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाला मौन हे उत्तर असू शकते, हे शेजारच्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी पोलिस तपासाच्या टप्प्यालाही लागू केले. नाव आणि परवाना मात्र या मौनात बसत नाहीत. ते सांगावेच लागतात.

दुसऱ्या माणसाच्या बाजूने दिलेल्या निकालाचे पडसाद ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत उमटले. उपराष्ट्रपतिपदासाठी विरोधी पक्षांनी न्या. रेड्डी यांना उमेदवारी दिली तेव्हा केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी त्या निकालामुळे नक्षलवाद रेंगाळल्याचा आरोप केला. अनेक निवृत्त न्यायमूर्तींनी पत्रक काढून त्याला आक्षेप घेतला. ९ सप्टेंबरच्या मतदानात सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ आणि रेड्डी यांना ३०० मते मिळाली. प्रचाराच्या त्या दिवसांत निकालाचे नाव सर्वांच्या तोंडी होते. बस्तरातील किती गावकऱ्यांना भरमारसाठी पीकसंरक्षणाचा परवाना मिळाला, हे मात्र कोणत्याही बाजूने विचारले नाही.