सातबाऱ्यावरचे नाव आणि खात्यातला हप्ता

महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाच्या बँक खात्यात सरकारकडून शेतकरी म्हणून दरवर्षी थेट जमा होणारी ठरावीक रक्कम प्रामुख्याने दोन योजनांतून येते. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झालेली केंद्राची ‘प्रधानमंत्री किसान सन्मान निधी’ योजना वर्षाला ६,००० रुपये देते, दर चार महिन्यांनी २,००० रुपयांच्या हप्त्याने. राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ जाहीर करून तितकीच भर घातली. म्हणजे वर्षाचे १२,००० रुपये. जमीन अर्धा एकर असो की वीस एकर, रक्कम तीच.

केंद्राच्या योजनेत सुरुवातीला दोन हेक्टरांपर्यंतची मर्यादा होती, ती २०१९ मध्येच उठली. प्राप्तिकर भरणारे, दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, डॉक्टर, वकील अशांना मात्र वगळले आहे. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते आणि एका कुटुंबाला एकच लाभ मिळतो.

पैसे कुणाला, हे ठरते सातबाऱ्यावरून. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे त्याचा उतारा. नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत काय पिकले त्याची नोंद. हप्ता सातच्या नावाने निघतो, बाराशी त्याचा संबंध नाही. योजनेचे बळ आणि तिचे सगळ्यात मोठे उणेपण, दोन्ही यातच आहेत. मालकीची नोंद आधीपासून तयार असल्याने कोट्यवधी खात्यांत पैसे लवकर पोचू शकले. पण ज्याचे नाव त्या उताऱ्यावर नाही, तो कितीही राबला तरी यादीबाहेरच राहतो.

नाव असले तरी पुढे आधार आहे. खाते आधारशी जोडलेले हवे, ई-केवायसी झालेली हवी, जमिनीचा तपशील पोर्टलवर चढलेला हवा. यांतले एक राहिले की हप्ता अडतो. सातबाऱ्यावर ‘नामदेव’ आणि आधारवर ‘नामदेवराव’ एवढ्यावरही काम खोळंबते. खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा सेवा केंद्रातल्या यंत्रावर पुन्हा पुन्हा टेकवला तरी जुळत नाही. बोट धुऊन, पदराला पुसून ती परत टेकवते. मोबाइलवरचा ओटीपी आणि चेहऱ्यावरून ओळख हे पर्याय म्हणूनच गरजेचे ठरले.

खातेदार वारला तर वारसांना आधी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावात बदल, करून घ्यावा लागतो. नोंद मंजूर होण्यापूर्वी हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि भावाभावांत वाद असला तर ती नोंद तक्रारी होऊन महिनोन्‌महिने पडून राहते. घरात कर्ता गेलेला असताना नेमका तेव्हाच हप्ताही थांबतो.

बटईने किंवा खंडाने शेती करणाऱ्यांची अडचण याहून खोल आहे. १९४८ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याला मालकी मिळण्याची वाट खुली झाली. तेव्हापासून वाटेकरी उद्या कूळ म्हणून हक्क सांगेल, ही धास्ती मालकांच्या मनात आहे. त्यामुळे करार बहुधा तोंडीच होतो आणि वाटेकऱ्याचे नाव कुठल्याच सरकारी कागदावर येत नाही. पेरणीला बियाणे-खताची जुळवाजुळव तो करतो, पाऊस लांबला तर दुबार पेरणीही त्याच्याच अंगावर येते. हप्त्याचे २,००० रुपये मात्र मालकाच्या खात्यात जातात, मग मालक पुण्या-मुंबईला राहत असला तरीही.