बंद पडलेला डबाच जास्त झटका देतो

पैनगंगेकाठच्या देऊळघाटात एखाद्या स्लॅबवर चढून पाहिले, तर फ्री डिशच्या छत्र्या एकाच दिशेला तोंड करून असलेल्या दिसतील. ती दिशा आग्नेय. विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर इस्रोचा जीसॅट-१५ हा उपग्रह आहे. देऊळघाटहून पाहिले तर तो क्षितिजापासून साधारण ५९ अंशांवर येतो. छत्री मात्र एवढी वर बघताना वाटत नाही, बरीच उभी दिसते. तिची वाटी मुळात तिरकी कापलेली असते. थेट समोरून नव्हे, तर पंचवीसएक अंश वरून येणाऱ्या लहरी ती दांड्याच्या टोकाच्या एलएनबीत गोळा करते. हे माहीत नसले की ‘छत्री खाली झुकली’ असे वाटून तिला वर ढकलले जाते, आणि होता तो सिग्नलही जातो.

छत्री टीव्हीसाठी बसवलेली असते, हे खरेच. पण ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या मोफत सेवेवर आज ४८ रेडिओ वाहिन्याही आहेत. रिमोटवर रेडिओचे बटण असते, ते सहसा कोणी दाबत नाही एवढेच. जळगाव केंद्र ९६३ किलोहर्ट्झवर किंवा नागपूर ५८५ वर ऐकण्यासाठी ट्रान्झिस्टर कानाशी धरून फिरवणाऱ्या पिढीला हे बटण म्हणजे चैन वाटावी.

डिजिटल रेडिओची दुसरी वाट मध्यम लहरींचीच आहे. डीआरएम या पद्धतीत नेहमीच्या ९ किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यातून आवाजाऐवजी आकडे पाठवतात. आकाशवाणीने त्यासाठी देशभरात पस्तीसएक मध्यम लहरी प्रक्षेपक सज्ज केले. २०१७ नंतरच्या अनेक मोटारींत डीआरएमचा ट्यूनर असतो, घरातल्या फळीवर मात्र तो फारसा पोहोचलेला नाही. खासगी एफएमच्या डिजिटल प्रसारणासाठी ट्रायने २०२५ मध्ये ज्या १३ शहरांची शिफारस केली, त्यात मुंबई, पुणे, नागपूर आहेत. बुलढाणा नाही. तेव्हा देऊळघाटापुरता घरचा डिजिटल रेडिओ ट्यूनर म्हणजे टीव्हीशेजारचा तो सेट-टॉप बॉक्सचा काळा डबा, असे मी खुशाल म्हणतो.

हा डबा नादुरुस्त झाला की लोकांचा पहिला संशय ‘आयसी गेली’ असा असतो. ती बिचारी सहसा गेलेली नसते. बिघाड बहुतेक वेळा दोन टोकांना असतो: एक छतावर, दुसरा सप्लायमध्ये. जिवाला धोकाही नेमका याच दोन ठिकाणी.

डबा उघडला की एका कोपऱ्यात सप्लायचा भाग दिसतो. बोर्डवर बहुधा एक पांढरी रेघ किंवा चीर असते; तिच्या एका बाजूला घरातली वीज, दुसऱ्या बाजूला ५ किंवा १२ व्होल्ट. विजेच्या बाजूला करंगळीएवढा जाड, काळा कंडेन्सर उभा असतो. त्यावर ‘४७ मायक्रोफॅरॅड, ४०० व्होल्ट’ असे काहीसे छापलेले असते. घरातली वीज २३० व्होल्टची म्हणतो ती परिणामी (आरएमएस) किंमत. तिची लाट शिखरावर ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि कंडेन्सर त्या शिखराइतका भरतो. त्यात सुमारे अडीच ज्यूल ऊर्जा साठते. आकडा किरकोळ वाटतो, पण ती एका क्षणात बोटांतून गेली की हात असा झटकला जातो की शेजारच्या धारदार पत्र्यावर आपटतो.

आता गंमत पाहा. चालू असलेल्या डब्याचा प्लग काढला की त्याचे सर्किट काही सेकंद तसेच चालत राहते आणि हा साठा संपवून टाकते. डबा बंद पडलेला असेल, म्हणजे सप्लायची आयसीच उडालेली असेल, तर साठा खाणारे कोणी उरत नाही. काही डब्यांत तो मुरवायला रेझिस्टर असतो, काहींत नसतो. मग प्लग काढून डबा बाजेवर ठेवला तरी कंडेन्सर बराच वेळ भरलेला राहू शकतो. ‘मेलेलाच आहे, काय होतंय’ म्हणून बोट घातले जाते ते इथे. प्लग निघालेला असल्याने घरातला गळती पकडून वीज तोडणारा आरसीसीबीही मदतीला येत नाही.

जाणते मेकॅनिक असा कंडेन्सर स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करत नाहीत. ठिणगी उडते, तांब्याची पट्टी जळते, डोळ्यात कण जातो. दहा हजार ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी दोन्ही पायांना लावला की अडीच-तीन सेकंदांत तो रिकामा होतो. त्यानंतर मीटरने व्होल्टेज मोजायचे आणि मगच हात लावायचा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब हवाच. ६० वॅटचा तारेचा बल्ब एका वायरमध्ये जोडला की आत शॉर्ट असल्यास तो पूर्ण पेटतो, डबा वाचतो. सगळे ठीक असेल तर एकदा लकाकून मंदावतो. एलईडी बल्ब या कामाचा नाही. आणि हा बल्ब बोर्डला वाचवतो, माणसाला नाही. सिरीजमध्ये असताना विजेच्या बाजूला हात लागला तरी झटका बसतोच, हे जुन्या हातांनाही पुन्हा सांगावे लागते.

डबा सारखा बंद-चालू होतो, लाल दिवा लुकलुकतो, अशी तक्रार असेल तर ५ किंवा १२ व्होल्टच्या बाजूचे छोटे कंडेन्सर बघा. डोके फुगलेले दिसेल. आतले रसायन उष्णतेने सुकते. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की कंडेन्सरचे आयुष्य निम्मे होते. विदर्भाचा मे महिना, त्यात डबा टीव्हीमागे कोंबलेला आणि वर विणकामाचा रुमाल! रुमाल सुंदर असतो, यात वाद नाही. तो फुलदाणीखाली घाला.

ज्या डब्याला बाहेरून अॅडाप्टर असतो, त्याच्या आत विजेची बाजूच नसते, सगळा धोका अॅडाप्टरमध्ये. तो फोडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा, पिनची अधिक-उणे बाजू जुळणारा नवा घ्या. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा टाका. बारीक तार पिळून बसवली की पुढच्या वेळी डीपीवर न्यूट्रल निसटून घरात २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्ट आले, तर तार टिकते आणि डबा जळतो.

एक तक्रार हमखास ऐकू येते: केबलच्या टोकाला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टरही मंद पेटतो. याचे कारण बहुधा बिघाड नसते. सप्लायच्या दोन बाजूंना जोडणारा एक छोटा निळा कंडेन्सर विजेचा गोंगाट गाळण्यासाठी मुद्दाम बसवलेला असतो. डब्याचा प्लग दोन पिनचा, त्याला अर्थिंग नाही. त्यामुळे डब्याचा धातूचा भाग जमिनीच्या तुलनेत शंभरएक व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह मिलिअँपिअरच्या छोट्या अंशाइतकाच, म्हणून फक्त झिणझिण्या. पण ओल्या स्लॅबवर, शिडीवर उभ्या माणसाला दचकून पडायला तेवढे पुरते. टीव्हीच्या नाजूक सॉकेटलाही हा प्रवाह सोसत नाही. म्हणून केबल लावताना-काढताना डबा आणि टीव्ही दोन्हींचे प्लग काढावेत. झिणझिण्यांऐवजी सणसणीत झटका बसला, तर मात्र तो डबा त्या क्षणी बाद समजून मेकॅनिककडे न्यावा.

आता छताकडे. डबा त्याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. कोणते पाठवले त्यावरून एलएनबीला उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या ते कळते. केबलच्या टोकात पाणी शिरले की तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर येतो आणि हा निरोपच पोहोचत नाही. केबल भिंतीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकते, घरात येत नाही. साठ सेंटिमीटरची छत्री दीड अंश हलली तरी सिग्नल निम्मा होतो. एखाद्या वानराने तिच्यावर बैठक मारली तर तेवढे सहज होते. जोराच्या पावसात सिग्नल जाणे मात्र नैसर्गिक आहे. या लहरी जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटिमीटर लांबीच्या, पावसाचे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. मध्यम लहरींवर जुना रेडिओ अशा वेळी खरखरत का होईना बोलत राहायचा. डिजिटलमध्ये आकडे चुकू लागले तरी काही मर्यादेपर्यंत डबा ते दुरुस्त करून घेतो, आवाज स्वच्छ राहतो, आणि मर्यादा ओलांडली की एकदम शांतता. अशा वेळी पावसात छतावर जाऊन काहीही साधत नाही.

सगळ्यात मोठा धोका छत्रीच्या लोखंडी पाइपाचा. तो उभा करताना तोल जाऊन वरच्या तारेला टेकला, की डबा, फ्यूज, आरसीसीबी यांपैकी कोणीही मध्ये येत नाही. पाइपाच्या लांबीच्या दुप्पट अंतरात विजेची तार असेल, तर जागा बदला. छत्रीचा पाइप आणि घराचे अर्थिंग एकमेकांना जोडलेले हवे. दोन वेगवेगळी अर्थिंगे असली की जवळ वीज पडल्यावर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक तुमच्या डब्यातूनच भागवला जातो. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते, आणि पहिला गडगडाट नेमका त्याच सुमारास होतो. तेव्हा मे संपण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग एकदा मोजून घ्या, त्यात पाणी घाला. पुण्याच्या आयआयटीएमचे ‘दामिनी’ अॅप मोबाइलवर असू द्या. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनाने भागा; तेवढे किलोमीटर ती लांब. पण प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढायची ती आभाळ भरून येताच. वीज चमकू लागल्यावर केबलला हात लावू नका.