घरची चॉकलेट चिप कुकी : काही रूढ गैरसमज

दिवाळी तोंडावर आली की मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीत न्यावयाचे आणि भट्टीतून उतरलेली नानकटाई घरी आणावयाची, हा दस्तूर मराठवाड्यात जुना आहे. असे असताना जालन्यातील सुगरण गृहिणी चॉकलेट चिप कुकीचे नाव निघताच ‘ते विलायती काम’ म्हणून माघार घेते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या माघारीच्या मुळाशी कौशल्याचा अभाव नसून केवळ काही चुकीच्या समजुती आहेत.

हा पदार्थ अपघाताने जन्मला, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात टोल हाउस नावाचे भोजनगृह चालविणाऱ्या आणि १९३० नंतरच्या दशकात ही कुकी प्रचारात आणणाऱ्या रूथ वेकफील्ड या गृहशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या, स्वतःचे पाकपुस्तक लिहिलेल्या विदुषी होत्या. चॉकलेटचा तुकडा भट्टीत काय करील हे त्यांना ठाऊक नव्हते असे मानणे हा त्यांच्या विद्येवर अन्याय होय.

ओव्हनवाचून अडते, हेही खरे नव्हे. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकण घालून ते मध्यम आचेवर चांगले तापविले की कुकीपुरती कोरडी, चौफेर उष्णता मिळते.

बटरऐवजी तितकेच तूप घातले तरी चालते, हा समज मात्र सविस्तर तपासण्याजोगा आहे. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असून उरलेल्यात बहुतांशी पाणी असते. तुपात पाणी जवळजवळ नसतेच. या पाण्यामुळे मैद्यातील प्रथिने परस्परांत गुंततात आणि कुकीला किंचित चिवटपणा येतो. तुपाने माखलेल्या मैद्याला ते पाणी मिळत नाही, म्हणूनच नानकटाई जिभेवर भुगा होऊन विरघळते. तेव्हा १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप आणि चमचाभर दूध घ्यावे. वैशाखात, जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत, बटर फेसण्याआधीच वितळते आणि गोळे पत्र्यावर पसरतात. त्यावर उपाय म्हणून मूठभर मैदा वाढविण्याची जी घाई होते, तिने कुकी निबर होते. त्यापेक्षा गोळे तासभर फ्रिजमध्ये ठेवावेत.

साखरेचे काम केवळ गोडी आणण्याचे नाही. ती वितळून कुकीला पसरविते आणि ओलावा धरून ठेवते, म्हणून ती निम्मी केली की कुकी फुगीर आणि कोरडी राहते. खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर यांतही भेद आहे : सोडा कितीतरी पट तीव्र असून त्याला आम्लाची जोड लागते, जी गुळातून काही अंशी मिळते, तो जास्त पडला तर चव साबणासारखी होते.

मैद्यावाचून कुकी नाही, ही समजूत तर जालन्यात टिकूच नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि बियाण्यांचे गाव म्हणून जालन्याचा लौकिक झाला; ज्वारी-बाजरी ही या मुलुखाची जुनी पिके. पावाला ग्लुटेनचे जाळे लागते, कुकीला ते फारसे लागत नाही. सबब एक तृतीयांश मैद्याच्या जागी ज्वारीचे पीठ बिनदिक्कत घालावे. बाजरीचे पीठ मात्र ताजे दळलेले हवे, कारण ते लवकर कडवट होते.

चॉकलेटवर आलेली पांढरी पुटे बुरशीची असतात असे समजून कित्येक घरांत ते फेकले जाते. उन्हाळ्यात कोकोचे लोणी वितळून पृष्ठभागावर येते आणि थिजते, इतकेच. ते निर्धोक असून भाजताना दिसेनासे होते.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज शेवटचा : कुकी कडक झाल्यावरच उतरवावी. कडा बदामी झाल्या, मध्यभाग अद्याप फिकट असून बोटाने दाबता खळगा पडतो, हीच उतरविण्याची वेळ; कारण स्निग्धांश आणि साखर निवताना घट्ट होतात. पत्र्यावरच पाच-सात मिनिटे विसावू देऊन मग उलथन्याने जाळीवर घ्यावी आणि पुरती निवल्याखेरीज डब्यात भरू नये, नाहीतर कोंडलेल्या वाफेने ती सादळते.