निरोप कोणत्या नात्याने?

डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या यवतमाळच्या एका अभियंत्याने आपल्याच गावी, आपल्या व्हिएतनामी वंशाच्या मित्राशी लग्नसोहळा केला. कलम ३७७ तेव्हा लागू होते, हे विसरता कामा नये. परंतु शेजारच्या अमरावती-अकोल्यातील अशा जोडप्यांची कोंडी निराळीच आहे. एकास परदेशी नोकरी लाभली, तर दुसऱ्याने कोणत्या नात्याने जावे? २०१३ पासून अमेरिका समलिंगी जोडीदारास व्हिसा देते खरी. पण विवाह कायदेशीर हवा. आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न संसदेवर सोपविला. तेव्हा बडनेरा स्थानकावर निरोप द्यावयाचा तो ‘मित्र’ म्हणूनच! पुढे पत्रोत्तरे लांबतात, दूरध्वनीवर बोलणे हवापाण्यापुरते उरते. आणि मागे राहिलेल्याच्या घरी एके दिवशी स्थळ सांगून येते.