धुळ्याचे एक वकील आणि डोमगांवची पोथी

पोथी हातीं आली म्हणजे आम्हीं संग्राहक प्रथम तिचा लेखनशक पाहतों, मग अक्षर, मग कागद. ती कोणाच्या घरून आली हा प्रश्न शेवटीं येतो. पुष्कळदां येतच नाहीं. हा क्रम उलटा असावयास हवा, असें धुळ्याचे वकील कै. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या कामगिरीचा विचार करितांना आम्हांस वाटूं लागलें.

नानासाहेब देव यांचा जन्म 1871 तील, निधन 1958 तील. बाविशीच्या सुमारास, 1893 त, त्यांनीं धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली. समर्थ व त्यांचे शिष्य यांचें वाङ्मय मिळविणें व छापणें हें पुढें तिचें मुख्य कार्य झालें. महाडजवळची शिवथरघळ देवांनीं 1930 त शोधून काढली. 1935 त समर्थ वाग्देवता मंदिर स्थापन होऊन जमविलेल्या पोथ्यांस कायमचा आसरा मिळाला. त्यांचे सहकारी भास्कर वामन भट हेही वकीलच. राजवाडे 1926 च्या अखेरच्या दिवशीं धुळ्यास वारले. त्यांच्या नांवें 1927 त जें संशोधन मंडळ निघालें, त्याचा भार भटांनीं वाहिला. पक्षकारांचे कागद संभाळण्याची संवय असलेल्या माणसांनीं गांवाचे कागदही संभाळले, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

परंतु देवांचें खरें मोठें काम म्हणजे 1905 सालचा दासबोध. वीस दशकांच्या या ग्रंथाचे छापील पाठ तत्पूर्वीं होतेच. देवांनीं आधार घेतला तो डोमगांवच्या मठांतील, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीचा. डोमगांव हें सीनेच्या कांठचें, परांड्याकडील, त्या वेळीं निजामाच्या मुलखांतलें गांव.

आतां ही प्रत कल्याणांच्याच हातची कशावरून? येथें वकिलाची दृष्टि उपयोगी पडते. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याचें कलम 90 देवांच्या काळीं सर्व कोर्टांत चालूं होतें. (तो कायदा 2024 च्या जूनअखेरपर्यंत टिकला, त्याच्या जागीं आलेल्या कायद्यानेंही तीस वर्षांचा नियम राखिला आहे.) त्याचा आशय असा: दस्तऐवज तीस वर्षांचा जुना असेल व योग्य ताब्यांतून हजर झाला असेल, तर ज्याच्या हातचा तो दिसतो त्याच्याच हातचा आहे असें कोर्टास गृहीत धरितां येतें. योग्य ताबा म्हणजे तो कागद स्वाभाविकपणें जेथें असावयाचा ती जागा. डोमगांव हें कल्याणांचेंच ठाणें; त्यांची पोथी तेथें नसावी तर कोठें असावी? देवांनीं कलम उघडून पोथी तपासली असें आमचें म्हणणें नाहीं. पण रोज ज्या कसोटीनें खरेदीखतें पाहावयाचीं, ती कसोटी मठाच्या उंबरठ्यावर गळून पडत नसते. याज्ञवल्क्यानेंही लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. भुक्ति तेथें मुख्यतः जमिनीविषयीं असली, तरी लिखिताचें बळ पुष्कळदां तें कोणाकडे राहिलें यावरच ठरतें.

मात्र या कलमाची मर्यादा आमचे कित्येक मित्र विसरतात. गृहीत धरावयाचें तें हस्ताक्षर व सही. मजकुराचें खरेपण नव्हे. हनुमंतस्वामींची बखर समर्थांमागें शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिलेली. तिची अगदीं अस्सल प्रत सांपडली तरी तेवढ्यानें तींतील प्रत्येक प्रसंग घडला असें होत नाहीं. साक्षीदार खरा कोण तें ठरलें, त्याची उलटतपासणी अजून व्हावयाची आहे!

दुसरें असें कीं, ताबा हा एकदां मोडला कीं पुन्हा जोडतां येत नाहीं. घरांतून बोहाऱ्याच्या दुकानीं गेलेली पोथी तीच राहते; तिच्यामागची साक्ष मात्र वाटेंत गळते. म्हणून विकत वा दान घेतांना देणाऱ्याचें घराणें, गांव, पोथी कोणत्या रुमालांत, कोणत्या इतर कागदांबरोबर होती, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें, आणि रुमाल फेकूं नये. आमच्या संग्रहीं ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत आहे. तीस वर्षांपूर्वीं आम्हीं ती जुन्या बाजारांत घेतली, अक्षर पाहून हरखलों, आणि विकणाऱ्यास ती कोठची म्हणून विचारलेंसुद्धां नाहीं. शेवटच्या पानावर लेखकाचें नांव स्वच्छ आहे. तो कोण, कोठला, हें सांगणारें आज कोणी नाहीं.