शेत उबवतं ते अंडं

वर्ध्याच्या गोल बाजारातून पावसाळ्यात सांबाराची जुडी आणावी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर), तर मुळांना काळी माती लगडलेली असते. धुतली तरी बोटांना चिकटते, नखांत जाऊन बसते. त्या नखभर मातीत जंताचं एखादं अंडं असलं तरी दिसणार नाही. ते असतं जेमतेम केसाच्या जाडीएवढं.

माणसाच्या आतड्यातली गोल जंताची मादी दिवसाला 2 लाखांच्या आसपास अंडी घालते. गंमत अशी की विष्ठेतून बाहेर पडलेलं ताजं अंडं कुणी गिळलं तरी जंत होत नाही. त्याला आधी माती लागते. ओल, सावली, हवा आणि 25 ते 30 अंशांची ऊब मिळाली, की दोन-तीन आठवड्यांत आतल्या एका पेशीची अळी होते आणि टरफलात वेटोळं घालून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसते. कोंबडीचं अंडं कोंबडी उबवते, जंताचं शेत उबवतं.

ही वाट ती वर्षानुवर्षं पाहू शकते. टरफलाचा बाहेरचा थर खडबडीत आणि चिकट, मधला झिंग्याच्या कवचात असतं त्या कायटिनचा, आतला मेदाचा. या आतल्या थरातून आम्लसुद्धा सहजी शिरत नाही. प्रयोगशाळेत ही अंडी वाढवायची तर चक्क पातळ फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. बुरशी, जिवाणू मरतात. अळ्या मजेत वाढतात!

आता वर्ध्याची गोष्ट. 1936 साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. मैला वीत-दीड वीत खोल चरात टाकायचा, वर माती लोटायची, की त्याचं खत होतं, हा त्यांचा आग्रह. विनोबा 1946 पासून पवनारहून सुरगावला फावडं घेऊन रोज चालत जात, ते याच सफाईसाठी. मराठीत या खताला सोनखत म्हणतात. शब्द करणाऱ्याला पीक कळत होतं. चर उथळ ठेवण्यामागचा हिशेब पक्का होता: वरच्या थरात हवा खेळते, जिवाणू भराभर काम उरकतात. पण हवा, ओल आणि ऊब, नेमकं हेच अंड्यालाही हवं असतं. मैल्याची माती होते, वास जातो, अंडं मात्र तसंच राहतं. वैशाखातलं वर्ध्याचं ऊन वरवरची अंडी भाजून काढतं, ढेकळाखालच्या गारव्यातली वाचतात. त्यांना खरं भय ते आचेचं. इंदूरला शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेल्या खताच्या पद्धतीसारखा काडीकचरा, शेण, मैल्याचा ढीग नीट रचला, तो आतून 60 अंशांपर्यंत तापला आणि खालीवर केला, तर त्या धगीत अंडी टिकत नाहीत.

जंताचा भाऊबंद अंकुशकृमी तर टरफलात फार थांबतच नाही. त्याची अंडी दिवस-दोन दिवसांत फुटतात आणि अळी ओल्या मातीतून अनवाणी तळपायात शिरते. 1944 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्याही पोटात अंकुशकृमी निघाले. स्वच्छतेचा एवढा ध्यास घेतलेल्या माणसाच्या! कृमीला पाऊल तेवढं कळतं, ते कुणाचं हे नाही.

मातीतून ही अंडी वेगळी काढायची युक्ती मला फार आवडते. शेतातली चिमूटभर माती साबणासारख्या द्रावणात घुसळायची, बारीक चाळणीतून गाळायची आणि झिंक सल्फेटच्या दाट पाण्यात टाकून गरगर फिरवायची. माती तळाशी बसते, अंडी हलकी म्हणून वर तरंगतात. नळीच्या तोंडावर काचेची पातळ चकती टेकवली की तिला चिकटून येतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं: पित्ताने तपकिरी झालेलं, कडेला नक्षीसारखे उंचवटे असलेलं लंबगोल अंडं. थोडा वेळ नजर ठरवली, तर आतलं वेटोळं कूस बदलताना दिसतं.